बेटावर जाण्याची बारा कारणं

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून मी बेटं विकायला बसलो. उभा जन्म वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या कापण्यात गेला. पेपर बंद पडला तेव्हा वाटलं होतं, आता लोक घरी येऊन हात धरून नेतील. कुणी फिरकलं नाही. शेवटी पदरात पडली ती ही सहल कंपनी, दाताच्या दवाखान्याच्या वर, दोन खोल्यांची. खालून दात कोरायच्या यंत्राची किरकिर येत असते आणि वर आम्ही लोकांना स्वर्गसुख देत असतो.

मालकीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. तिला मी मॅडम म्हणायचं आणि तिने मला काका म्हणायचं, हे न बोलताच ठरलं. काम असं: खाली दक्षिणेच्या महासागरात एक बेट आहे, नकाशावर माशी बसल्यासारखं. नारळ, प्रवाळ, कासवं, जुनं दीपगृह, सगळं साग्रसंगीत. तिथे सुट्टी का घालवावी याची बारा कारणं लिहून द्यायची. त्याचं घडीचं रंगीत पत्रक निघणार. ते चाललं तर मी कायम, नाही तर नमस्कार.

दुपारपर्यंत निळाशार समुद्र आणि रुपेरी वाळू लिहून दिली. मॅडमनी दोन बोटांत कागद धरला. "काका, हे सगळ्याच बेटांवर असतं हो. लोकांना ठिकाण नको असतं. घरातून निघायला कारण हवं असतं."

ज्याने मंत्र्यांची भाषणं निम्म्यावर आणली, त्याला हे ऐकावं लागलं. कान तापले. पण मान हलवली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रात्रभर एकही कारण सुचलं नाही. मला मुळात प्रवासच आवडत नाही. बाहेरचं पाणी प्यायलो की पोट बिघडतं, आणि दुसऱ्याच्या उशीवर झोप येत नाही. शेवटी हिला विचारलं. ही म्हणजे आमची ही. वहीतसुद्धा तिचं नाव लिहायची सवय नाही.

ही वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर होती, गेल्या वर्षी निवृत्त झाली. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि संध्याकाळी माझी, असा विनोद मी मित्रांत करतो. तर ती इस्त्री करत होती. मी विचारलं, "समज तू त्या बेटावर गेलीस. कशासाठी जाशील?"

मला वाटलं, समुद्र म्हणेल. ती कॉलरवरून इस्त्री फिरवत म्हणाली, "तिथे सकाळी डोळे उघडायच्या आत कुणी 'चहा झाला का' असं विचारणार नाही."

वाक्य जरा चिडकं होतं, पण आत काहीतरी होतं. बसून कापलं, घासलं. 'इथे सकाळ तुम्हाला उठवत नाही, तुमची वाट बघते.' मॅडमनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि खुर्चीतून उठून शेजारच्या खोलीत वाचून दाखवायला गेल्या.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गंमत आहे. जिने आजवर वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही, तिच्याकडे भाषा निघाली. फक्त कापायला कुणीतरी हवं.

आज म्हणाली, "तिथे म्हणे लाटांचा इतका आवाज असतो, की बाजूच्या माणसाची बडबड ऐकू येत नाही." मी केलं: 'लाटांचा आवाज, बाकी सगळं विसरायला लावणारा.' मग कपडे घडी करता करता म्हणाली, "तिथे मी कुणाची कोण, हे कुणाला माहीत नसेल. माझ्याशी बोलायचं तर माझ्याशीच बोलावं लागेल." हे फार लांबलं. मी केलं: 'इथे तुम्ही फक्त तुम्ही असता.'

तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी असं नव्हतं म्हटलं."

"म्हणायचं हेच होतं तुला," मी म्हटलं. ती घडी घालत राहिली. मूळ बातमीदारांचंही असंच असायचं. छापून आलं की खूष व्हायचे.

रविवार, ९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती लांब थंडीच्या मुलखात असते, नवरा आणि दोन मुलं. आधी तासभर आईशी, तेही आतल्या खोलीत दार लावून. नंतर फोन माझ्याकडे.

"बाबा, आई बरी आहे ना?"

"ठणठणीत. का?"

"तुम्ही कधी विचारता तिला काही?"

"रोज विचारतो. बेटाबद्दल."

ती म्हणाली, फोन पुन्हा आईला द्या. दिला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कासवांवर चार ओळी लिहिल्या. मादी किनाऱ्यावर येते, अंडी वाळूत पुरते, आणि मागे वळून न बघता पाण्यात निघून जाते. हिला वाचून दाखवलं. "शहाणी आहे," म्हणाली. ते काही पत्रकात घालता येणार नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज जरा बिनसलं. शेजारचे दोघे नवरा-बायको संध्याकाळी बसायला आले होते. ही तिच्या खिडकीवरचा तो किस्सा सांगायला लागली. एक म्हातारा गेलेला बल्ब खिशात घालून तक्रार खिडकीशी येतो तो. ती नेहमी उगाच पाल्हाळ लावते. म्हातारा कसा दिसत होता, त्याच्या सदऱ्याला बटण कसं नव्हतं. बटणाचा आणि बल्बचा काय संबंध? मी मधेच म्हटलं, "अगं, मुद्द्यावर ये. तर तो म्हातारा म्हणतो, वीज नको, माझा बल्ब तेवढा बदलून द्या!" सगळे हसले. किस्सा चांगला झाला.

ती उठून आत गेली. पाहुणे गेले तरी बाहेर आली नाही. मी आत गेलो तर ओट्याशी पाठमोरी उभी. न वळता म्हणाली, "तो असं म्हणालाच नव्हता."

"मग काय म्हणाला होता?"

"तुम्ही इतकी वर्षं तो किस्सा सांगताय. एकदा तरी मला शेवटपर्यंत सांगू द्यायचा होता."

आता यात रागावण्यासारखं काय आहे? मी तिचीच बाजू राखत होतो. लोक कंटाळले असते. पण घर गप्प झालं की मला चैन पडत नाही, म्हणून विषय बदलावा म्हणून म्हटलं, बेटाचं एखादं कारण सांग. तिने नळ बंद केला. मग म्हणाली, "तिथे मी एखादी गोष्ट सुरू केली, तर ती मीच संपवेन."

वाहवा! 'इथे प्रत्येकाला आपली गोष्ट सापडते.' आठवं कारण झालं. दिवस अगदीच वाया गेला नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

अकरा झाली, बारावं अडलं. हिला विचारलं. ती म्हणाली, "आता माझ्याकडची संपली. एक तरी तुमचं घाला."

बसलो घालायला. माझं म्हणून काही येईना. शेवटी 'कारण आयुष्य एकदाच मिळतं' असं खरडून दिलं. पेपरात असताना असलं वाक्य कुणी आणलं असतं तर त्याच्या तोंडावर फेकलं असतं. मॅडमनी तेही बिनतक्रार घेतलं, याचं जास्त वाईट वाटलं. हे एक, काचेच्या तळाची बोट आणि दीपगृहावरून दिसणारा सूर्यास्त ही तीन कारणं सोडली, तर बाकी सगळी हिची. अर्थात, संस्करण माझं.

शनिवार, १ मार्च

पत्रक निघालं. काय चाललंय म्हणून सांगू! फोन खाली ठेवायची सोय नाही. मॅडम म्हणाल्या, अशी मागणी त्यांनी बघितलेली नाही. एक गोष्ट मात्र कुणाला उलगडत नाही. बुकिंग बहुतेक बायकांची आहे, आणि तीही एकेकट्या बायकांची. चाळिशीच्या, पन्नाशीच्या, साठीच्या. एकीने फोनवर पत्रकातली तीन नंबरची ओळ वाचली म्हणे आणि रडायलाच लागली. मॅडमनी मला विचारलं, असं का? मी म्हटलं, अक्षराचा ठसा ठळक निवडलाय, चाळिशी लागलेल्यांना वाचायला सोपा जातो. त्यांना ते पटलं नाही. खरं तर मलाही.

मी कायम झालो. वर बक्षीस म्हणून मॅडमनी बेटाच्या पहिल्या सहलीच्या दोन जागा देऊ केल्या, मला आणि काकूंना. मी तिथल्या तिथे नको म्हणून टाकलं. नव्या माणसाने लगेच रजेवर जाणं बरं दिसत नाही.

घरी येऊन हे हिला हसत हसत सांगितलं. ती इस्त्रीच करत होती. थांबली.

"दोन जागा होत्या?"

"हो."

"आणि तुम्ही दोन्ही परत केल्या?"

"मग? मी नसताना तू एकटी जाऊन काय करणार होतीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि तेवढ्यात इस्त्री शर्टावर तशीच राहिली. चांगला पांढरा शर्ट, पाठीवर भला मोठा डाग. मी काही बोललो नाही. तिलाच वाईट वाटलं असावं. जेवली नाही.

सोमवार, १० मार्च

ऑफिसात पाऊल टाकलं तर मॅडम म्हणाल्या, "काय काका, सांगितलं नाहीत! काकू कालच येऊन गेल्या की. पहिल्या सहलीत त्यांचं नाव आहे."

मी म्हटलं, "हो हो, आमचं ठरलंच होतं." तोंडावर हसू ठेवून जागेवर जाऊन बसलो. हातातलं पेन कुठे ठेवावं ते कळेना. माझ्याच ऑफिसात, माझ्यामागे, माझंच पत्रक घेऊन. काल रविवारची माझी सुट्टी, मी केस कापायला गेलो होतो.

घरी आलो तो भांडायचं ठरवूनच. ती म्हणाली, "माझ्या पैशांनी चाललेय. दहा दिवस. डबे भरून ठेवते." एवढंच. भांडायला दुसरं माणूस लागतं, ते समोर नव्हतंच. राग आला होता तो गेला, आणि गेल्यावर खाली जे उरलं ते मला आवडलं नाही. वयामुळे असेल.

मग विचार केला, यात वाईट काय? दुसऱ्या पत्रकासाठी घरचंच माणूस डोळ्यांनी बघून येणार. तिला वीस प्रश्न लिहून दिले. वाळू पायाला भाजते का, बोटीत किती माणसं बसतात, वगैरे. तिने कागद घेतला आणि पुस्तकात खूण म्हणून घातला.

शुक्रवार, २८ मार्च

उद्या पहाटे निघायची. बॅग बघून हसू आलं. लेकीने दिलेला जाड स्वेटर, लोकरीचे मोजे, कानटोपी! "अगं, तिथे घामाच्या धारा लागतील. हे काय बर्फात चाललीस?"

"असू दे," म्हणाली. भूगोल कच्चा, दुसरं काय. वर्षभराच्या गोळ्या आणि चष्म्याची दुसरी जोडीही घेतली. बायकांना दहा दिवस म्हणजे दहा वर्षं वाटतात.

कपाटाच्या दाराला आतून तिने कधीचं एक कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. नारळ, समुद्र, असलंच काही. आम्ही या घरात आलो तेव्हापासूनचं. मला वाटायचं, रंग खरवडला असेल तिथला, तो झाकायला. आज तिने ते नखाने हलकेच सोडवून घडी करून पर्समध्ये ठेवलं. खाली रंग चांगला शाबूत होता.

बुधवार, २ एप्रिल

घर खायला उठतं असं म्हणतात, ते खोटं आहे. घर काहीच करत नाही. तेच तर वाईट आहे. सकाळी डोळे मिटूनच 'चहा झाला का' म्हणालो आणि माझाच आवाज ऐकत पडून राहिलो. साखर सापडली नाही. फिका चहा घेतला.

तिचा फोन नाही. मी केला तर बंद. संध्याकाळी शेजारीण दारात आली, काही हवंय का विचारायला. तिला मी सहज विचारलं, "त्या बल्बवाल्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं हो, हिने सांगितलं होतं का तुम्हाला कधी?" ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत की."

ऑफिसात सहलीचा फोटो आलाय. बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या. मधोमध ही. तोंड उघडं टाकून हसतेय, डोळे गच्च मिटलेले, केस चेहऱ्यावर आलेले. मॅडम म्हणाल्या, "काकू किती छान हसतात!" मी हो म्हटलं. ही बाई मला ओळखू आली नव्हती. मी आधी दोन वेळा तिच्यावरून नजर पुढे नेली होती आणि हिला कडेला शोधत होतो.

मला तिची फार आठवण येते आहे. लिहून टाकलं एकदाचं. आली की म्हणणार आहे, पुढच्या वर्षी दोघं जाऊ. पाणी उकळून पिईन. तिला म्हाताऱ्याचा किस्सा सांगायला लावीन आणि मधे एक अक्षर बोलणार नाही. शर्टाची बटणं, काय हवं ते सांगू दे.

मंगळवार, ८ एप्रिल

आली. दुपारी आली. रापली होती, नाकाची साल निघालेली. चपला न काढता खुर्चीत बसली, बॅग पायाशीच. मी पाणी दिलं. केर काढून ठेवला होता, तिच्या लक्षात आलं असेल नसेल.

माझ्या मनात किती काय बोलायचं होतं. पण समोर बसल्यावर सवयीने हात वहीकडे गेला. "हं, सांग," मी म्हटलं. "कसं काय बेट?"

"पेन खाली ठेवा."

ठेवलं.

"बेट म्हणजे काही विशेष नाही हो," ती म्हणाली. "समुद्र आहे. डास फार. बोटीत मला उलटी झाली. खोलीतला पंखा रात्रभर खडखड करायचा." थांबून थांबून, सावकाश बोलत होती. मी मधे बोललो नाही, हे मी नमूद करून ठेवतो. "पण तिथे मी सुखात होते, कारण तिथे तुम्ही नव्हता."

मी तिच्या हातातला पेला घेऊन ठेवला.

मी म्हटलं, "दमलीयस तू. आधी पड जरा."

"मी लेकीकडे चाललेय. तिकीट आधीच काढलंय. खाली टॅक्सी उभी आहे."

"किती दिवस?"

ती उत्तर शोधत नव्हती. मला ते कसं सांगावं एवढंच बघत होती. तेव्हा कळलं, आणि कळल्यावर मी काय केलं तर म्हणालो, "अगं, पण हे आधी सांगायचं नाही का?"

तिला हसू आलं. कडवट नव्हतं, खरंच हसू आलं. "अहो, पंधरा दिवस तुम्ही मला रोज विचारत होता. मी रोज सांगत होते."

बॅग जड होती. ती मीच खाली नेली. टॅक्सीवाल्याने डिकी उघडली. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "तो म्हातारा शेवटी काय म्हणाला होता?"

"राहू दे आता," ती म्हणाली आणि आत बसली.

गुरुवार, १७ एप्रिल

दहा दिवस होत आले. लेकीचा एक फोन, आई पोचली, एवढा. मी आईला दे म्हटलं तर म्हणाली, झोपलीय. मागे हसण्याचा आवाज येत होता, मुलं खेळत असतील.

पत्रकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. मॅडमना पहिल्या पानावर तो पाण्यातला फोटो हवाय, फक्त काकूंचा, मोठा करून, आणि खाली त्यांच्याच तोंडचं एक वाक्य. "तुम्हीच द्या काका. तुमच्याशी काहीतरी बोलल्या असतीलच आल्यावर."

मी म्हटलं, बोलली.

दुपारभर समोर कोरा कागद होता. खाली दात कोरायचं यंत्र चालू होतं. तिने दिलेलं वाक्य माझ्याकडे एकच होतं, आणि ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. ते पुरं लिहून काढलं. मग हातात लाल पेन होतंच. मागचा अर्धा भाग खोडला आणि पूर्णविराम पुढे आणला.

'तिथे मी सुखात होते.'

मॅडमनी वाचलं. त्यांना फार आवडलं. "एवढंच म्हणाल्या काकू?"

"हो," मी म्हटलं. "एवढंच."